दाता क्रमांक एक

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता ताईच्या तोंडचं पाणी पळालं, आणि ते पळवलं वाटाण्याएवढ्या एका खळग्यानं. खळगा पिवळा व्हायला हवा होता. गेली नऊ वर्षं तो इमानेइतबारे पिवळा होत आला होता. आज झाला नाही. पाण्यासारखा नितळ राहिला.

एवढ्याशा खळग्यानं चोपन्न वर्षांच्या बाईला घाम का फुटावा, हे कळायला तिची प्रयोगशाळा माहीत हवी. वटवाघळांच्या अंगात कोरोना जातीचे विषाणू सुखानं नांदत असतात, वटवाघळांचं त्यात काही बिघडत नाही. एखादा मात्र वाट चुकून माणसात उतरतो, आणि मग काय होतं ते आपण सगळ्यांनी घराची दारं लावून घेऊन बघितलंय. पुढचा कोणता उतरेल ते आधी ओळखायचं आणि त्याच्यावरचं औषध करून ठेवायचं, म्हणजे तहान लागायच्या आत विहीर खणायची, हे तिथलं काम. ताई तिथली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. तीस वर्षं नोकरी झालेली. साहेबांपासून फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत, आणि ताईनं लावलेली प्लेट पुन्हा तपासायची नाही असा तिथला अलिखित नियम होता.

काम सांगायला सोपं आहे. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव खळगे असतात. प्रत्येकाच्या तळाशी विषाणूचा एक निरुपद्रवी तुकडा बसवलेला असतो. वरून माणसाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, थेंबभर घालायचं. त्या माणसाला तो विषाणू पूर्वी कधी होऊन गेला असेल तर त्याच्या रक्तातल्या अँटिबॉडी त्या तुकड्याला ओळखतात आणि धरून ठेवतात, आणि मग रंगाचं औषध घातलं की खळगा पिवळा होतो. ओळख नसेल तर रंग नाही. प्रत्येक प्लेटच्या शेवटी एक कोरा नमुना ठेवायचा, ज्याचा वटवाघळाशी जन्मात संबंध आला नाही अशा माणसाचा. कोऱ्याचा जो आकडा येईल तो बाकी सगळ्यांच्या आकड्यांतून वजा करायचा. दुकानदार तेल मोजताना आधी रिकाम्या डब्याचं वजन काढून टाकतो, तसं.

आता राहिला चिकट्या. नऊ वर्षांपूर्वी शहरापासून लांबच्या एका गुहेतल्या वटवाघळांत सापडलेला विषाणू. त्याचं कागदावरचं नाव हातभर लांब होतं, पण सगळे त्याला चिकट्या म्हणत, कारण त्याच्या प्लेटमध्ये कोरा नमुनासुद्धा पिवळा यायचा. साहेब तेव्हा म्हणाले होते की याचा तुकडाच मुळात चिकट आहे, ज्याला त्याला धरतो, कोरा वजा करा आणि पुढे चला. साहेब म्हणाले म्हणजे ब्रह्मवाक्य. गुहेजवळच्या वस्तीतल्या तीनशे बारा लोकांचं रक्त तपासलं, कोरा वजा केला, हाती शून्य आलं. चिकट्या माणसाला होत नाही असा अहवाल गेला, लोकांना तसे कागद वाटले, आणि चिकट्याच्या कुप्या फ्रीझरच्या तळाशी जाऊन पडल्या; वर्षातून एकदा तेवढ्या तपासणीपुरत्या बाहेर निघायच्या.

आणि या मंगळवारी, त्याच वर्षाच्या तपासणीत, नव्या बाईंनी सगळ्यावर बोळा फिरवला. नव्या बाई दुसऱ्या प्रयोगशाळेतून बदलून आलेल्या, अबोल, ताकही फुंकून पिणाऱ्या. येताना त्या स्वतःचा कोरा नमुना घेऊन आल्या होत्या. ताईला त्याचा रागच आला होता. लग्नाला जाताना घरून डबा नेण्यातला प्रकार, असं ती मनात म्हणालीसुद्धा. पण नव्या बाईंनी गोड बोलून दोन्ही कोरे शेजारी शेजारी लावायला सांगितले, आणि ताईनं लावले. ताईचा पिवळा झाला. बाईंचा झाला नाही.

ताईला आधी वाटलं, बाईंची बाटली खराब असणार. तिनं दुपारपर्यंत पुन्हा दोनदा प्लेट लावली. मग बाईंनी आणखी चार जणांचे कोरे नमुने काढून दिले. चारही नितळ. पाच नितळ खळगे एका ओळीत, आणि सहावा ताईचा, हळदीसारखा. चिकट्या चिकट नव्हताच. ताईच्या बाटलीतलं रक्त त्याला ओळखत होतं.

बाईंनी तिथेच बसून जुने आकडे संगणकावर काढले आणि नव्या कोऱ्यानं वजाबाकी केली. तीनशे बारातून एक्केचाळीस जण वर आले. एक्केचाळीस माणसांना चिकट्या होऊन गेला होता, आणि प्रयोगशाळेनं त्यांच्या हातात कागद दिला होता की काही नाही, खुशाल राहा. ताई स्टुलावर बसली आणि हातमोजे काढायचेही तिला सुचेना.

साहेब आले. त्यांनी सहा खळगे बघितले, आकडे बघितले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितले. बाटलीवर नुसतं 'दाता क्रमांक एक' लिहिलेलं होतं. त्यांनी विचारलं, हा क्रमांक एक कोण?

"माझी आई," ताई म्हणाली.

त्याचं असं झालं होतं की नऊ वर्षांपूर्वी विकतचे कोरे नमुने संपले, नवी मागणी कुठेतरी अडकली आणि सगळं काम ठप्प झालं. तेव्हा ताईच म्हणाली होती की माझी आई आहे ना. पालीला घाबरून खोली सोडणारी बाई, वटवाघूळ सोडा, कबुतराच्याही वाटेला गेलेली नाही. आईला अभिमानच वाटला. दर वर्षी ठरल्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून यायची, हात पुढे करायची, आणि शेजारणींना सांगायची की माझं रक्त म्हणजे धुतल्या तांदळासारखं, मोठमोठ्या लोकांचं रक्त माझ्याशी ताडून बघतात.

नमुना देणाऱ्या प्रत्येकाकडून चाळीस प्रश्नांचा एक अर्ज भरून घ्यायचा असतो. कुठे राहिलात, काय काम केलंत, घरात कोण कशानं आजारी पडलं. वस्तीतल्या लोकांचे अर्ज ताईनं एकेकापाशी तासतासभर बसून भरले होते. एका म्हाताऱ्यानं तर कंटाळून तिला विचारलं होतं की बाई, माझी सोयरीक जमवताय का? आणि आईचा अर्ज? तो ताईनं आपल्याच टेबलावर दोन मिनिटांत भरला. नाही, नाही, नाही, शेवटपर्यंत नाही. खाली आईची सही घेतली, साहेबांनी न वाचताच केली, संपलं. आईला काय विचारायचं? आईचं सगळं आपल्याला माहीतच असतं.

अहो, डोंबल माहीत असतं. जगात सगळ्यात कमी माहिती कोणाची असेल तर ती आईची. पण हे कळायला माणसाला चोपन्न वर्षं लागतात, आणि काहींना तेवढ्यातही कळत नाही.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर ताईला बरं वाटलं असतं. ते म्हणाले की सही माझीही आहे, वस्तीत आपण दोघांनी जायचं आणि तोंडानं सांगायचं. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. नव्या औषधाची यादी शुक्रवारी ठरत होती. हाती पैसा आणि माणसं होती पाच विषाणूंपुरती. जे पाच ठरतील त्यांच्यावर औषध बनेल, बाकीच्यांची पाळी तीन वर्षांनी. चिकट्याचं नाव अर्थातच कुठे नव्हतं. तो माणसाला होतो हे आज कळलं, पण नुसत्या तेवढ्यानं समिती हलणार नव्हती. सर्दीसारखा येऊन जात असेल तर राहू दे म्हणतील. त्यानं माणूस मरतं का, हा प्रश्न होता, आणि वस्तीतल्या एक्केचाळीस जणांना कधी काय झालं होतं याचा आज कोणाला पत्ता लागणार?

"तुमची आई त्या भागात कधी गेलेली नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे तिला तो दुसरीकडेच कुठेतरी झाला. कधी झाला, सोबत कोणाला झाला, काय झालं, ते सगळं विचारा. शुक्रवारच्या आत. आणि तिची तयारी असेल तर रक्त घ्या. शरीरातल्या काही पेशी जुना शत्रू पन्नास पन्नास वर्षं विसरत नाहीत. त्यांच्यावरून औषधाचा नमुना मिळू शकतो."

ताईनं मान हलवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. गुहेत उतरले, वस्ती पालथी घातली, आणि ज्याला शोधत होते तो रोज सकाळी हिला पोळीभाजीचा डबा भरून देत होता.

ती निघणार तेवढ्यात नव्या बाई हळूच म्हणाल्या की ताई, तुमचंही बघू या का? ताईनं बाही वर केली. पाऊण तासानं खळगा पिवळा झाला. आईपेक्षा बराच फिकट, पण पिवळा. तीस वर्षं ती दुसऱ्यांचे निकाल वाचत आली होती. स्वतःचा वाचताना तिला तो आकडा तीनदा बघावा लागला. म्हणजे जे काही झालं ते दोघींना झालं होतं, आणि तिला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

घरी जाताना तिनं नेहमीची बस सोडली आणि चालत निघाली. दोघींना एकदम, आणि आपल्याला आठवतही नाही, म्हणजे आपण लहान असताना. अगदी लहान. आणि मग रस्ता ओलांडता ओलांडता तिला मोठी आठवली, आणि ती रस्त्याच्या मधोमध थांबली. एका गाडीवाल्यानं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला तेव्हा ती भानावर आली.

मोठी म्हणजे ताईची थोरली बहीण. सहा वर्षांची असताना गेली. ताई तेव्हा तान्ही होती. घरात मोठीचा विषय निघत नसे, आणि निघालाच तर एकाच वाक्यात संपत असे: आईनं तिला संध्याकाळी गार पाण्यानं न्हाऊ घातलं, ओल्या केसांनी निजवलं, छातीत थंडी भरली आणि पोर गेली. आजी मरेपर्यंत हे सांगत होती. वडील सांगत नसत, पण कोणी सांगत असलं की ते उठून बाहेर जात. आईनं कधी उलट उत्तर दिलं नाही. ताईला लहानपणी आईचा मनातून थोडा रागही यायचा, खरं सांगायचं तर. एवढी कशी बाई निष्काळजी?

आई दारातच उभी होती. लेक चार वाजता घरी आली म्हणजे एक तर बरं नाही नाहीतर नोकरी गेली, असं तिचं गणित. ताईनं दोन्ही नाही म्हणून सांगितलं, हातपाय धुतले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आईला समोर बसवलं आणि कोरा अर्ज काढला. म्हणाली, चाळीस प्रश्न आहेत, खरं ते सांग. एकोणऐंशी वर्षांची आई पदर सावरून ताठ बसली आणि म्हणाली की विचार बाई, नापास झाले तर मात्र पुढच्या वर्षी बसवू नकोस.

पहिले सहा प्रश्न नाव, वय, दुखणी यांचे होते. सातवा होता, वटवाघळं असलेल्या इमारतीत किंवा तिच्या शेजारी कधी राहिलात का?

"राहिले ना," आई म्हणाली. "पावणेदोन वर्षं."

ताईच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

आई अगदी सहज सांगत होती, जसं काही गेल्या आठवड्यातल्या बाजाराबद्दल सांगावं. वडील तेव्हा धान्याच्या गोदामावर राखणदार होते. गोदामाला लागून एक खोली मिळाली होती, भिंत एक, छत एक. वर फळ्यांची तक्तपोशी, आणि तक्तपोशीच्या वर वटवाघळं, शेकड्यांनी. फटींतून त्यांची लेंडकं खाली पडायची, जिऱ्यासारखी काळी. रोज सकाळी झाडायची आणि सुपानं भरून टाकायची. मोठीला आईनं तिच्या हाताजोगी छोटी केरसुणी करून दिली होती, तीही झाडायची, नाकातोंडात धूळ जाईपर्यंत.

ताईनं कसंबसं विचारलं की हे तू मला इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस? मी वटवाघळांच्याच कामावर आहे हे तुला माहीत नव्हतं का?

"तुमची ती गुहेतली गं," आई म्हणाली. "आमची साधी होती. आणि तू कुठे कधी विचारलंस?"

ताई पुढचे प्रश्न विचारत गेली आणि आई उत्तरं देत गेली. तेविसावा प्रश्न आला: घरातलं कोणी तापानं किंवा दम लागून गेलं का? ताईचा हात सवयीनं लिहायला लागला, सर्दी, छातीत थंडी, वय सहा. मग तिनं ते खोडलं. माहीत आहे म्हणून न विचारता लिहिलं, त्यानंच तर हा सगळा घोळ झाला होता. तिनं प्रश्न मोठ्यानं वाचला.

आई उठली. गॅसवर काही नव्हतं तरी तिनं बटण बंद आहे ना ते बघितलं, आणि परत येऊन बसली.

आधी ताप आईला आला होता. अंग भाजून काढणारा, कोरडा खोकला, जिना चढल्यासारखा दम. तिसऱ्या दिवशी मोठीला आला. त्याच रात्री तान्हीचं, म्हणजे ताईचं अंग तापलं, पण ते दोन दिवसांत उतरलं. मोठीचा वाढत गेला. आजी आली आणि तिनं मोठीला उचलून अंगणापलीकडच्या खोलीत नेलं. म्हणाली, तू तान्हीला सांभाळ, तिला पुन्हा लागण नको, या पोरीचं मी बघते. अंगण अकरा पावलांचं होतं. आईला ऐकू यायचं सगळं. नवव्या दिवशी ऐकू यायचं थांबलं.

ताईनं लिहिलं. तिचं अक्षर छापल्यासारखं सुरेख, पण या ओळीचं तिला स्वतःला पुढे वाचता आलं नाही. चिकट्यानं माणूस मरत होतं. साहेबांना हवं असलेलं उत्तर तिच्यापुढे कागदावर होतं, आणि ते तिच्या सख्ख्या बहिणीचं होतं. मग तिच्या डोक्यात एकदम दुसरं काहीतरी लखकन आलं.

"आणि ते न्हाणं?" तिनं विचारलं. "ओले केस?"

"तिला न्हाऊ कुठलं घातलंय? मला उभं राहवत नव्हतं."

"मग सगळे म्हणतात ते?"

"मीच सांगितलं सगळ्यांना."

ताईला समजेना. आईनं टेबलावरची नसलेली चुरी बोटानं गोळा केली आणि समजावून सांगितलं. मोठी गेली तेव्हा चार बायका जमल्या. चार बायका जमल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. ही धाकटी आल्यापासून या घराचं नीट नाही, म्हणाल्या. आधी बापाचा पाय मोडला, मग आई अंथरुणाला खिळली, आता बहिणीला खाल्लं. पांढऱ्या पायाची आहे पोर. आईला वाटलं, बोलतील आणि गप्प बसतील. पण आजीसुद्धा मान हलवायला लागली, आणि एका संध्याकाळी वडील तान्हीला उचलून घ्यायला वाकले आणि न घेताच सरळ झाले.

"ते बघितलं आणि ठरवलं," आई म्हणाली. "आठ महिन्यांचं पोर तू. एकदा ते नाव पडलं की जन्मात सुटत नाही. मग म्हटलं, मी तिला तिन्हीसांजेला गार पाण्यानं न्हाऊ घातलं होतं, माझं चुकलं. झालं. सगळ्या माझ्यावर घसरल्या. तुझा विषय मिटला."

बाबांना तरी खरं सांगितलंस का, असं ताईनं विचारलं. आईनं नकारार्थी मान हलवली. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी आजीला सांगितलं असतं. दोन वर्षं ते माझ्या हातचं पाणी घेत नव्हते, ती म्हणाली, मग हळूहळू घ्यायला लागले.

सकाळपासून धक्क्यांवर धक्के बसले होते, पण हा कुठे बसला ते तिला सांगताच आलं नसतं. त्रेपन्न वर्षं या बाईनं एक आळ अंगावर वागवला होता, स्वतःच्या हातानं ओढून घेतलेला, आणि जिच्यासाठी घेतला तीच मनातून तिला निष्काळजी म्हणत आली होती. ताईला रडू फुटलं. लाज वाटली, माया आली, आणि या बाईला आत्ताच्या आत्ता काहीतरी द्यावं असं वाटलं, काहीही, जवळ असेल ते. तिच्याजवळ होतं ते एकच, तिचं शास्त्र.

म्हणून ती सांगत सुटली. ती आईचा हात धरून म्हणाली की अगं, तो आजार तुला आधी झाला ना, म्हणून तुझ्या रक्तात त्याच्यावरचं औषध तयार झालं, आपोआप. आणि तू मला पाजत होतीस. ते औषध दुधातून माझ्या अंगात आलं. म्हणून माझा ताप दोन दिवसांत उतरला. तुझ्या दुधानं मी वाचले, आई. तू मला वाचवलंस. आता तुझ्याच रक्तावरून सगळ्यांसाठी औषध करता येईल.

आईच्या चेहऱ्यावर आनंद यायला हवा होता. आला नाही. ताईच्या हातातला तिचा हात गार पडत गेला.

"दुधात होतं?" आईनं विचारलं.

ताई हो म्हणाली, आणि म्हणताना तिला जाणवलं की आपण काहीतरी भयंकर करून बसलो आहोत, पण काय ते कळेना.

"ती आली होती," आई म्हणाली. "सातव्या दिवशी. आजीचा डोळा लागला होता. भिंत धरत धरत अंगण ओलांडून आली. तू पीत होतीस. बघत उभी राहिली आणि म्हणाली, मला पण दे. मी म्हटलं, तू मोठी झालीस ना आता? जा, आजीकडे जा."

नळ थेंब थेंब गळत होता. आई टेबलाकडे बघत बसली होती. एवढी वर्षं खोटा आळ तिनं सहज पेलला होता, कारण तो खोटा आहे हे तिला ठाऊक होतं. खरा तिच्यापुढे आत्ता आला होता, आणि आणून ठेवला होता तिच्या लेकीनं, माया करायला म्हणून.

"तिला पाजलं असतं तर?" आईनं विचारलं.

ताईला या प्रश्नाचं खरं उत्तर माहीत होतं. खरं उत्तर असं की सांगता येत नाही. सहा वर्षांच्या मुलीच्या पोटात ते बहुतेक पचून गेलं असतं. थोडंफार घशाशी उपयोगी पडलंही असतं. कोणी तपासलेलं नाही. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही आणि बोलायचं नाही, यावर ताईची तीस वर्षांची नोकरी उभी होती.

"नाही," ती म्हणाली. "काही उपयोग झाला नसता."

"नक्की?"

"नक्की. मोठ्या मुलांना ते लागू पडत नाही."

"तुम्ही बघितलंय हे? तपासून?"

"हो. पुष्कळ जणांवर."

आईनं तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं, लहानपणी परीक्षेहून घरी आल्यावर बघायची तसं. ताईनं डोळे खाली घातले नाहीत.

"बरं," आई म्हणाली. "असंच सांगत जा. कधीही विचारलं तरी असंच सांग. मीही न्हाण्याचं सांगितलंच की."

मग तिनं बाही दंडापर्यंत सारली, हात टेबलावर आडवा ठेवला आणि म्हणाली की घे, लागेल तेवढं घे, औषध लवकर करा म्हणावं.